प्राप्तीची तहान

कृष्णाबाईच्या घराण्यात बायकांना तहान लागत नसे. म्हणजे लागत असणारच, देवाने त्यांना काही वेगळा घसा दिला नव्हता. पण लागली तरी सांगायची नाही, असा तिथला रिवाज. पेणच्या खाडीकडचं ते आगरी गाव. गाव संपलं की मिठागरं सुरू होतात. नजर जाईल तिथवर सपाट पाणी, मधून चिखलाचे बांध, वर आभाळ. झाड नाही, झुडूप नाही, आडोसा म्हणून धरावं असं काहीसुद्धा नाही. पुरुषांचं एक बरं असतं, बांधावर चार पावलं जाऊन पाठ फिरवली की त्यांचं काम झालं. बायकांनी त्यावर आपल्यापुरता उपाय शोधून काढला होता: पाणीच प्यायचं नाही. उजाडताना कपभर चहा, दुपारी भाकरी घशाखाली उतरेल एवढाच घोट, आणि मग घरी परतल्यावर माठाशी बसून तांब्यामागून तांब्या.

या उपायाचा हळूहळू अभिमान झाला, तसा तो नेहमीच होतो. नाइलाजाने केलेली गोष्ट दोन पिढ्या टिकली की लोक तिला घराण्याची रीत म्हणू लागतात. कृष्णाबाईची सासू ठमी मिठाने फुटलेल्या टाचा चोळत बसायची आणि सुनांना सुनवायची, "पानी पित बसलीव तर मीठ कोन ओढंल?" कृष्णाबाईची लेक प्राप्ती सहा-सात वर्षांची असताना आईबरोबर मिठागरावर जायची आणि दिवसभर पाणी मागायची नाही. "पोर बग कशी हाय माजी," कृष्णाबाई शेजारणींना म्हणायची. ज्या गोष्टीचं कौतुक होतं ती पोरं जिवापाड सांभाळतात. प्राप्तीने तहान न लागणं सांभाळलं.

पुढे शाळाही मिठागरासारखीच निघाली. मुलींच्या संडासाला कडी नव्हती, म्हणून मुली सकाळी घरून जाऊन यायच्या आणि शाळा सुटेपर्यंत कोरड्या राहायच्या. प्राप्तीला त्याचं काहीच वाटलं नाही. तिला तर सराव होता.

दुसरा सराव होता पळण्याचा. आईचा डबा पोचवायला ती बांधावरून पळत जायची. ओल्या, निसरड्या, हातभर रुंदीच्या बांधावर जो पळू शकतो त्याला मैदान म्हणजे चेष्टा वाटते. तालुक्याच्या स्पर्धांमध्ये ती अनवाणी पळाली आणि बूटवाल्या मुलींना मागे टाकून आली. कॉलेजात एन.सी.सी.चा गणवेश अंगावर चढला, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली: सैन्यात जायचं. लष्करी पोलिसांत आता मुली घेतात हे तिला कळलं होतं. घरात कोणी विरोध केला नाही, पण कोणी फारसं मनावरही घेतलं नाही. वडील नामा गोदीत रखवालीला, ते सुट्टीच्या दिवशी झोपत. थोरला भाऊ अल्पेश उरणच्या बंदरातून ट्रेलर चालवायचा, तो म्हणाला, "जा ना. नाय झाला तर कंटेनर यार्डात कॉम्प्युटरवर बसवतो तुला." या 'नाय झाला तर'चाच प्राप्तीला राग होता. एका भरतीत लेखी परीक्षेत नापास झाली, दुसरीत ताप आला. आता वयात बसणारी शेवटची भरती पावसाळ्यानंतर होती. ती हुकली की कंटेनर यार्ड होतंच.

म्हणून एप्रिलमध्ये ती चौलला आली. नारळी-पोफळीच्या वाड्या संपतात तिथे माजी सैनिकांच्या एका संस्थेने भरतीपूर्व प्रशिक्षणाचं केंद्र काढलं होतं. राहणं, जेवण, कवायत, लेखीची शिकवणी, सगळं तिथे. मुलांची एक तुकडी, मुलींची एक. केंद्राचा कारभार सुभेदार अंबाजी शेलार यांच्याकडे. त्यांना सगळे फौजेतल्या रीतीने 'उस्ताद' म्हणत. उस्ताद माणूस सरळ, आवाज असा की वाडीतल्या माडांवरचे कावळे उडावेत, आणि नियम एकच: रूट मार्चमध्ये जो पडला तो घरी गेला. पाठीवर वाळूची पिशवी घातलेला पिट्ठू, भर उन्हात मैलोन्‌मैल चाल. "भरतीत पळून दाखवाल," ते म्हणायचे, "पण पुढे ट्रेनिंगमध्ये ऊन तुम्हाला विचारणार नाही की बेटा, सवय आहे का. म्हणून ते इथेच बघायचं."

उन्हाची तयारी म्हणून केंद्रात पिण्याची चंगळ होती. नवी मुंबईच्या कोणा व्यापाऱ्याने स्पोर्ट्स ड्रिंकच्या पावडरीची खोकी दान केली होती. पिंपात ती कालवली की नारंगी रंगाचं गोडखारट पाणी तयार व्हायचं. प्रत्येकाला मार्चला दोन बाटल्या, एक साध्या पाण्याची, एक नारंगी. प्रत्येक थांब्यावर उस्ताद ओरडायचे, "बोतल दिखाओ!" आणि सगळ्यांनी बाटली उंच धरून किती संपली ते दाखवायचं.

प्राप्तीची बाटली नेहमी संपलेली असायची. ती थांब्यावर रांगेच्या टोकाला बसायची, तोंड ओलं करायची आणि उरलेलं पाठीमागे मातीत ओतून द्यायची. हे तिने इतकं सफाईने जमवलं होतं की शेजारी बसलेल्या वल्लरीलासुद्धा कळलं नाही. मुलींसाठी वाटेत जायला जागा नव्हती, हे उस्तादांच्या नियमांत कुठे लिहिलेलं नव्हतं. आणि जे लिहिलेलं नाही ते मागायचं नाही हे प्राप्ती घरून शिकून आली होती. तिला तर ही आपली जमेची बाजू वाटे. बाकीच्या मुली दम लागला की पाणी पाणी करतात, आपण नाही करत. मुली तिला कौतुकाने उंटीण म्हणायच्या आणि ती खूश व्हायची. मूर्खपणाच होता तो, दुसरं काय. पण आईच्या आणि आजीच्या कष्टांतून आलेला मूर्खपणा होता, त्यामुळे त्याला हसायला जीव होत नाही.

एप्रिल सरता सरता पहिला मोठा मार्च निघाला, नागाववरून आक्षीकडे. सकाळी हवा बरी होती. नागाव मागे पडलं तेव्हा डांबर तापलं होतं, समुद्रावरून वारा यायचा तो थांबला होता आणि घाम अंगावरच सुकून शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठल्या होत्या. प्राप्तीला त्या रेघा ओळखीच्या होत्या, आईच्या झंपरवर रोज असायच्या. तिने त्याकडे लक्ष दिलं नाही. मग पोटरीत गोळा आला. तो तिने दाताखाली ओठ धरून चालवून घेतला. मग दुसऱ्या पायात आला. आक्षीच्या अलीकडे तिला शेजारच्या मुलींचे आवाज लांबून यायला लागले, आपण चालतोय की उभ्या आहोत हे कळेना, आणि ती पिट्ठूसकट तोंडावर पडली.

मागच्या टेम्पोत घालून तिला अलिबागला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सलाइन लागलं. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "किती प्यायलीस?"

"दोन बाटल्या," प्राप्ती म्हणाली.

"खोटं." त्यांनी सलाइनच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "हे सगळं अंगात मुरलं, दुसरी लावली, आणि अजून तुला लघवीला जावंसं वाटत नाही. शेवटचं कधी गेलीस?"

प्राप्तीने भिंतीकडे बघत बारीक आवाजात सगळं सांगितलं. बाईंनी उपदेश केला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरी, उन्हाने माणूस मरतो. खरोखर मरतो. आणि हे मी उस्तादांना सांगणार नाही, ते तू सांगायचंस."

तिने सांगितलं नाही. कसं सांगणार? बाप्या माणसाला, तेही फौजेतल्या, काय म्हणून सांगायचं?

तिने न सांगितल्यामुळे केंद्रात मोठी गंमत झाली. बाटल्या तर रिकाम्या होत्या, म्हणजे मुलगी पिऊनही पडली. मग दोष कोणाचा? पिण्याचा. उस्ताद म्हणाले, ही नारंगी पावडर फसवी आहे, फौजेत आम्ही लिंबू, साखर, मीठ घालून प्यायचो. स्वयंपाकघरातल्या बाबाजींचं मत पडलं की कोकमाला तोड नाही. वल्लरी चौलच्या एका वाडीवाल्यांची मुलगी, बी.एस्सी. झालेली. तिने तासभर चालणाऱ्यांना पाणी पुरतं पण जास्त वेळ घाम गाळणाऱ्यांना मीठ आणि साखर कशी लागते हे सगळ्यांना समजावून दिलं, आणि ते अगदी बरोबर होतं. बातमी कळताच अल्पेश ट्रेलर रस्त्याकडेला लावून आला आणि निळ्या स्पोर्ट्स ड्रिंकच्या बाटल्यांचं अख्खं खोकं उतरवून म्हणाला, "हे पी. क्रिकेटवाले पितात." बाटलीत काय असावं यावर चार दिवस रणधुमाळी चालली. बाटली तोंडाला लागते का, हे मात्र कोणालाच विचारावंसं वाटलं नाही.

एकीने विचारलं. अल्पेशबरोबर कृष्णाबाई आली होती. लेकीचे केस विंचरता विंचरता ती कानाशी म्हणाली, "पिली नवतीस ना?"

प्राप्तीने मान हलवली.

कृष्णाबाईचा फणीचा हात थांबला. ती रागावेल असं प्राप्तीला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं. पण कृष्णाबाईने फणीतले केस काढले. "मी तुला काय सांगू?" ती म्हणाली. "मना दुसरा ठावच न्हाय." मग वेणी घातली, रिबीन बांधली आणि अल्पेशच्या मागून ट्रेलरमध्ये चढली.

त्या दिवशी प्राप्तीला पहिल्यांदा कळलं की आई या बाबतीत आपल्याला मदत करू शकत नाही. आईजवळ जे होतं ते तिने देऊन टाकलं होतं, आणि तेच आता नडत होतं. वाईट वाटलं तिला, आईबद्दल जास्त. पण वाईट वाटून घेत बसायला वेळ नव्हता. उस्तादांनी निकाल दिला होता, "एक मौका. मेमधला मार्च. त्यात पडलीस तर सामान उचलायचं, मी शिफारस देणार नाही." केंद्राबाहेर पडली की तयारी संपली, तयारी संपली की भरती संपली.

मग तिने ठरवलं. पळायला शिकले, रांगायला शिकले, तसं पाणी प्यायला शिकायचं.

ऐकायला सोपं वाटतं. ज्या शरीराला लहानपणापासून कोरडं ठेवलं त्याला भर कवायतीत पाणी द्यायचं म्हणजे त्याची समजूत घालावी लागते. पहिल्या दिवशी दोन फेऱ्यांमध्ये बाटली संपवली आणि तिसऱ्या फेरीत सगळी ओकून टाकली. वल्लरी म्हणाली, "अगं, घटाघटा नाही, घोट घोट घे. आधीपासून, तहान लागायच्या आधीपासून." प्राप्तीने घोट घोट सुरू केले. पोट डुचमळायचं. निळ्या बाटलीतलं पाणी तिला खोकल्याच्या औषधासारखं लागायचं, पण ती नाक मुरडून प्यायची, कारण लांबच्या चालीत त्याने पाय धरत नाहीत हे तिला दुसऱ्याच आठवड्यात कळून चुकलं. कवायतीतून संडासाकडे पळायला लागलं तर मुली हसायच्या. हसू देत. उंटीण मेली, असं तिने स्वतःच जाहीर करून टाकलं.

मैदानावर हे जमलं, कारण मैदानाला लागून संडास होता. खरा प्रश्न रस्त्यावरचा. तिने वल्लरीला विचारलं, "मार्चला तू पितेस ना? मग तू काय करतेस?"

वल्लरी लाजून हसली. "नागावला माझी मावशी आहे. मी बुटाची नाडी सुटली म्हणून मागे राहते आणि तिच्याकडे जाऊन येते."

प्राप्तीला वल्लरीचा राग नव्हता आला, ती जीव लावणारी मुलगी होती. पण ज्यांच्या मावश्या वाटेवर राहतात त्यांनी खुशाल पाणी प्यावं, हे काही खरं नव्हे. सैन्यात कुठे कुठे मावश्या शोधायच्या?

मेच्या मार्चचा रस्ता उस्तादांनी बदलला. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव, तिथून कोर्लईकडे, आणि परत. मुलं पुढे, मुली मागे, सगळ्यात शेवटी टेम्पो आणि त्यात पाण्याचं पिंप. त्या बाजूला वल्लरीचं कोणी नव्हतं. तिने आदल्या दिवशी सगळ्या नातेवाइकांची मनातल्या मनात उजळणी केली होती, पण खाडीपलीकडे काही नातं निघेना.

प्राप्ती निघतानाच पोटभर पिऊन निघाली. रेवदंड्यात होड्यांच्या बाजूला सुकत घातलेल्या मासळीचा वास अंगावर घेत तुकडी गेली, तिथे तिने पहिले घोट घेतले. पुलावर घेतले. साळावच्या थांब्यावर "बोतल दिखाओ" झालं तेव्हा तिची बाटली खरोखरच रिकामी होती. आयुष्यात पहिल्यांदा. तिने ती जरा जास्तच उंच धरली. टेम्पोतून दुसरी भरून घेतली.

आणि पाय चालत होते! हेच तिला नवल वाटत होतं. ऊन तेच, डांबर तेच, पिट्ठू तोच, उलट आजचा चढ जास्त. घाम डोळ्यांत उतरत होता, खांदे सोलवटले होते, पण पोटऱ्या मऊ होत्या आणि डोकं ताळ्यावर होतं. दमणं वेगळं आणि संपणं वेगळं, हा फरक तिला आज समजला. इतकी वर्षं ती दमायच्या आधीच संपत होती आणि त्यालाच काटकपणा समजत होती.

मग जे व्हायचं ते झालं. साळाव सोडून बरंच अंतर कापलं आणि ओटीपोटात कळ आली. पहिल्यांदा बारीक. मग पावलागणिक. कोर्लईच्या अलीकडे थांबा मिळाला तेव्हा तिला नीट बसताही येईना. एका बाजूला उघडा डोंगर, दुसऱ्या बाजूला खडक आणि समुद्र. मुलं नेहमीप्रमाणे पाच-सहाच्या टोळीने डोंगराकडे गेली आणि पट्टे आवळत परत आली. मुली गुडघ्यांना मिठी घालून रांगेत बसल्या.

प्राप्तीच्या हातात भरलेली बाटली होती. अजून परतीची सगळी वाट बाकी होती, आणि सूर्य डोक्यावर यायचा होता. तिने बाटली तोंडाजवळ नेली आणि खाली घेतली. सोपं होतं. आता नाही प्यायलं की कळ हळूहळू मरते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? नंतर काय होतं हेही ठाऊक होतं. ती पडायची.

तेवढ्यात तिला शेजारी वल्लरी दिसली. वल्लरीने इकडे तिकडे बघितलं, बाटली पाठीमागे नेली आणि तिरकी केली. कोरड्या मातीत पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही. वल्लरी! घोट घोट पी म्हणून शिकवणारी, मीठ-साखरेचं सगळं गणित पाठ असलेली वल्लरी. प्राप्तीने पाठीमागे वळून पाहिलं. रांगेतल्या जवळजवळ प्रत्येक मुलीच्या मागे मातीवर एक ओला काळा डाग होता.

म्हणजे उंटीण ती एकटी नव्हतीच. सगळ्याच होत्या.

प्राप्ती उठली. ती रांगेतून बाहेर पडली, उस्तादांच्या समोर जाऊन सावधानमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "उस्ताद, लघवीला जायचं आहे."

हळू म्हणाली असती तर कोणी ऐकलं नसतं. पण तुकडीत रिपोर्ट द्यायचा तो खड्या आवाजात, ही त्यांचीच शिकवण. खडकांपर्यंत ऐकू गेलं. मुलांमध्ये खसखस पिकली. प्रणय नावाचा एक वाह्यात मुलगा तर उताणाच पडला हसून.

"हँसता कौन है?" उस्ताद गरजले, आणि खसखस बंद झाली. पण तेही गडबडले होते. त्यांनी घड्याळात पाहिलं, उगाच टोपी सारखी केली. "आता? परत जाताना साळावला बघू."

"साळावपर्यंत न्हाय थांबता येनार, उस्ताद."

"प्राप्ती, लढाईत काय करशील? दुश्मनाला सांगशील, जरा थांब म्हणून?"

आता मुलं पुन्हा हसली असती, पण तिचा चेहरा बघून कोणी हसलं नाही. शिकवणीत कमावलेली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. "दुश्मनाला न्हाय सांगत, तुमाला सांगतंय," ती म्हणाली. "तुमी न्हाय थांबलात तर मना पानी बंद करावा लागंल. पानी बंद केला का मी परनार. त्या टायमाला पन तशीच परली. बाटली मी पिली नवती, मातीन ओतली व्हती. पिलं तर जायचा कुठं? आन मना आता परायचा न्हाय, उस्ताद. काय बी झाला तरी परायचा न्हाय."

बोलून झालं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, सावधानमध्ये हात हलवायचे नसतात.

मागे वल्लरी उठून उभी राहिली. "मलापण जायचं आहे, उस्ताद." मग तिसरी उठली, मग एकदम तिघी-चौघी, मग सगळी रांगच. मुली उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या मागची जमीन उघडी पडली. उस्तादांनी ते डाग पाहिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले. नारंगी बरं की लिंबू बरं म्हणून चार दिवस भांडलेला तो माणूस आता हे डाग मोजत होता. तो लबाड नव्हता, निर्दय तर अजिबात नव्हता. फौजेतल्या सगळ्या नोकरीत त्याच्या तुकडीत बाई नव्हती, आणि इथे मुलींची तुकडी उभी करताना त्याने सगळं दिलं, फक्त हे एक त्याच्या मनात आलं नाही.

"लडके! खडे हो!" ते एकदम ओरडले. मुलं ताडकन उठली. "पुढच्या वळणापर्यंत, तेज चाल! तिथे थांबायचं, तोंड समुद्राकडे. ज्याने मान वळवली तो पिट्ठू डोक्यावर घेऊन परत जाईल. प्रणय, तू दोन पिट्ठू!" मग टेम्पोवाल्याला हाक मारून त्यांनी ताडपत्री सोडवली, ती मुलींच्या हातात दिली, आणि स्वतः मुलांच्या मागून निघून गेले. चार जणींनी ताडपत्री धरायची, बाकीच्यांनी आळीपाळीने जायचं. मग कोणीतरी खुदकन हसलं आणि सगळ्या हसत सुटल्या, ताडपत्री धरणाऱ्यांचे हात हलायला लागले, तशा आतल्या किंचाळल्या. मोकळं झाल्यावर माणसाला इतकं हसू येतं हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं.

उस्ताद परत आले तेव्हा रांग सरळ उभी होती. ते म्हणाले, "बाटल्या भरा. आणि आता मला रिकाम्या बाटल्या दाखवू नका, पिताना दाखवा."

परतीची वाट सोपी झाली असं म्हणणं खोटं ठरेल. डांबर आता बुटाच्या तळातून भाजत होतं. साळावच्या चढाला प्राप्ती मागे पडली, पिट्ठूचा पट्टा तुटला, तो तिने रुमालाने बांधला. पुलावर वारा समोरून आला आणि दोन मुलांना टेम्पोत घालावं लागलं, त्यांतला एक प्रणय. प्राप्ती चालत राहिली. निळ्याचा एक घोट, साध्या पाण्याचा एक घोट. रेवदंड्यात रिक्षावाल्यांनी मुलींच्या तुकडीकडे बघून हॉर्न वाजवले. चौलच्या वाड्यांची सावली अंगावर आली तेव्हा तिला रडू येत होतं आणि पाऊल मात्र ठोक्यात पडत होतं. केंद्राच्या फाटकातून ती स्वतःच्या पायांनी आत आली. मुलींमध्ये एकही पडली नव्हती.

उस्ताद तिच्यासमोर थांबले. "पास," म्हणाले. पुढे गेले आणि परत आले. "उद्या तू आणि वल्लरी टेम्पो घेऊन जा. आपल्या सगळ्या रस्त्यांवर मुलींना थांबायला कुठे कुठे जागा होईल ते बघून या. घरं, शाळा, देवळं, विचारून या. त्याप्रमाणे थांबे ठरवू." मग त्यांनी कडक सलाम ठोकला. सुभेदार मुलीला आधी सलाम ठोकत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. अल्पेशने उचलला आणि पहिलं विचारलं, "निली बाटली चालली ना?" चालली म्हणून सांगितल्यावर तो खूश झाला आणि फोन आईकडे दिला.

"परलीस?" कृष्णाबाईने विचारलं.

"न्हाय परली, आये. पास झाली."

मग तिने सगळं सांगितलं. डोंगराजवळचा थांबा, वल्लरीची तिरकी बाटली, उस्तादांसमोर जाऊन उभं राहणं.

"समद्या बाप्यांच्या म्होरं बोललीस?" कृष्णाबाईने विचारलं.

"व्हय."

"मोठ्यान?"

"मोठ्यान."

मग कृष्णाबाई म्हणाली, "माजी समदी उमर गेली, पोरी. मना येकदा पन बोलाया झाला न्हाय."

प्राप्तीने फोन घट्ट धरला.

"जा आता," आई म्हणाली. "पानी पी. पोटभर पी."